बाजार भरला, म्हणजे नेमकं काय भरलं?

नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये. पर्यावरण खात्याची परवानगी आली नोव्हेंबर २०१० मध्ये, भूमिपूजन झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं उडू लागली त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला. मधल्या अठरा वर्षांत शेजारच्या उलव्यात ज्याने ज्याने फ्लॅट बघितला, त्याने एक वाक्य हमखास ऐकलं: ‘साहेब, एअरपोर्ट येऊ द्या, मग बघा.’ २००८ मध्ये घेणाऱ्याने ते ऐकलं, २०१७ मध्ये घेणाऱ्यानेही ऐकलं. विमानतळाची किंमत दोघांनी मोजली. पहिल्याने ती नऊ वर्षं आधी मोजली, एवढाच फरक.

उलव्यातल्या इमारती कशा उभ्या राहिल्या, हे समजून घेतलं तर बाजार कसा भरतो ते कळतं. सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या गावकऱ्यांना साडेबारा टक्के योजनेत विकसित भूखंड मिळाले. विमानतळग्रस्तांसाठी पुढे साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज आलं. हातात प्लॉट आला तरी इमारत बांधायला लागणारा पैसा बहुतेकांकडे नव्हता. मग कुणी प्लॉट विकला, कुणी बिल्डरबरोबर भागीदारीत बांधकाम काढलं. एकेका प्लॉटवर एकेक इमारत आणि एकेका इमारतीमागे एकेक छोटा बिल्डर. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. आपले पाच-पंचवीस फ्लॅट विकले जातील, असं त्याला वाटत होतं आणि त्यात वावगं काही नव्हतं. पण शेजारच्या गल्लीत, पलीकडच्या सेक्टरमध्ये आणखी कितीजण असाच हिशेब करत आहेत, हे पाहणं कुणाचंच काम नव्हतं.

आपल्याकडे कांद्याचं जे होतं तेच हे. यंदा भाव मिळाला म्हणून सगळे कांदा लावतात आणि माल एकदमच बाजारात येतो. घरांच्या बाबतीत ‘लावणी’ आणि ‘काढणी’ यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते. शिवाय कांदा सडतो, म्हणून मिळेल त्या भावाला विकावा लागतो. फ्लॅट सडत नाही. त्याला कुलूप लागतं.

या कुलपामुळे घरांचा बाजार भरल्याचं भावावरून समजतच नाही. बिल्डर सहसा जाहीर दर कमी करत नाही. केला तर आधी बुकिंग केलेले ग्राहक दारात येऊन उभे राहतात आणि कर्ज देणारी बँकही त्या प्रकल्पाचं मूल्यांकन खाली आणते. म्हणून दर तोच ठेवून बाकीचं सोडलं जातं. स्टँप ड्युटी आमच्याकडून, मॉड्युलर किचन आमच्याकडून, पझेशनपर्यंत हप्ता नाही. २०१४ ते २०२० या काळात मुंबई-पुण्यात कितीतरी भागांत चौरस फुटाचा दर जवळपास हललाच नाही. लोक म्हणत राहिले, ‘भाव काही पडत नाहीत बघा.’ भाव पडले नाहीत हे खरं, पण सहा वर्षांची महागाई त्या न हललेल्या दराला आतून खात होती. ज्या भागात ऑफर्सची गर्दी असते आणि दराची पाटी वर्षानुवर्षं तीच असते, तो भाग भरला आहे असं खुशाल समजावं.

आता याची दुसरी बाजू. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी सापडली. देशातल्या शहरांत हा सर्वांत मोठा आकडा होता. त्याच मुंबईत लाखो कुटुंबं झोपडपट्टीत आणि चाळीच्या एका खोलीत राहत होती. म्हणजे घरं जास्त आणि घरांची टंचाई, दोन्ही एकाच वेळी. बाजार ‘भरतो’ तेव्हा सगळा बाजार भरत नाही. एका ठिकाणचा, एका किमतीचा, एका आकाराचा माल भरतो. एखाद्या उपनगरात तीन कोटींचे टॉवर पडून असतात आणि तिथेच नोकरीला लागलेल्या जोडप्याला वन बीएचके भाड्याने मिळत नाही. बिल्डर मोठे फ्लॅट बांधतो, कारण जमिनीचा दर वसूल करायचा तर त्याला तेच परवडतं. संधी शोधायची तर ‘कुठल्या भागात घ्यावं?’ हा प्रश्न अपुरा पडतो. त्या भागात कोण राहायला येतंय आणि महिन्याला किती भाडं देऊ शकतंय, हे विचारायला हवं.

भाड्याला मी फार महत्त्व देतो. किमतीत आशा मिसळलेली असते, अफवा मिसळलेली असते, काही वेळा काळा पैसाही. भाडं मात्र कुणी आशेवर देत नाही. पुढच्या वर्षी मेट्रो येणार म्हणून या महिन्यात दोन हजार जास्त देणारा भाडेकरू मला अजून भेटायचा आहे.

एक हिशेब मांडू. पुण्यात ८० लाखांचा टू बीएचके घेतला असं धरू. स्टँप ड्युटी आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. (खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का वाचतो.) झाले जवळजवळ ८६ लाख. बांधकाम चालू असताना घेतला तर जीएसटी आणखी वेगळा. भाडं २२ हजार धरलं आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षाला सरासरी एक महिना घर रिकामं राहिलं, तर हातात येतात २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, मिळकतकर १५ हजार, रंग-नळ-दुरुस्ती १० हजार वजा करा. मिळकतकराबद्दल एक गोष्ट विसरू नका: पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला नाही. उरले १ लाख ७५ हजार. ८६ लाखांवर हा परतावा जेमतेम दोन टक्के आहे.

हा फ्लॅट साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर घेतला असेल तर उरलेले साडेसहा टक्के किंमत वाढून यायला हवेत, तेही दरवर्षी आणि चक्रवाढीने. ते येतील का, याचं उत्तर त्या भागातल्या न विकलेल्या घरांमध्ये दडलेलं आहे. २०१७ च्या अर्थसंकल्पाने आणखी एक दोर कापला. भाड्याच्या घराच्या व्याजाचा तोटा पगारातून कितीही वजा करता येत असे. त्यावर वर्षाला दोन लाखांची मर्यादा आली. ‘टॅक्स वाचवायला दुसरा फ्लॅट’ हा सल्ला तेव्हाच शिळा झाला. लग्नसमारंभात तो अजून वाढला जातो.

न विकलेली घरं मोजायची कशी? पूर्वी एजंटच्या तोंडाकडे बघण्यापलीकडे इलाज नव्हता. मे २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, सुरू झालं आणि एक चांगली सोय झाली. तिचा उपयोग आपण फारच कमी करतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाच्या पानावर एकूण किती सदनिका आहेत आणि किती बुक झाल्या, ही माहिती असते. बिल्डरला ती दर तिमाहीला अद्ययावत करावी लागते. ज्या भागात घ्यायचं मनात आहे तिथले सारख्या आकाराचे दहा-बारा प्रकल्प निवडा. एकूण वजा बुक झालेले, ही झाली शिल्लक. तीन महिन्यांनी पुन्हा बघा, म्हणजे विक्रीचा वेग कळेल. समजा शिल्लक २,४०० घरं आहेत आणि तिमाहीत विकली गेली २४०. महिन्याला ८०, म्हणजे नवीन एकही प्रकल्प आला नाही तरी साठा संपायला ३० महिने लागतील. वर्ष-दीड वर्षाचा साठा असेल तर बाजार ठीक आहे, असं या धंद्यात साधारण मानतात. ३० महिने म्हणजे घासाघीस करायला तुम्ही खुर्चीत नीट टेकून बसायला हरकत नाही.

या हिशेबात एक भोक आहे. ‘बुक झालेलं’ घर म्हणजे ‘वापरलं जाणारं’ घर नव्हे. सुरुवातीलाच दहा-वीस फ्लॅट उचलणारे गुंतवणूकदार असतात. पझेशन आलं की ते सगळे एकाच महिन्यात रिसेलला उतरतात. तेव्हा त्या एकाच इमारतीत बिल्डरचा दर आणि गुंतवणूकदाराचा दर एकमेकांशी भांडू लागतात. हा छुपा साठा महारेराच्या पानावर दिसत नाही. तो बघायला संध्याकाळी साडेसात-आठला, पझेशन होऊन दोन वर्षं झालेल्या सोसायट्यांमधून चक्कर मारावी लागते. किती खिडक्यांत उजेड आहे, किती गॅलऱ्यांत कपडे वाळत आहेत. एजंटपेक्षा गेटजवळचा इस्त्रीवाला इथे जास्त उपयोगाचा, कारण रिकाम्या घरातून त्याच्याकडे कपडे येत नाहीत.

खरा दर कळायला नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा आहे. तिथे गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घालून इंडेक्स टू बघता येतो, म्हणजे शेजारचा फ्लॅट कागदावर कितीला गेला ते समजतं. जाहिरातीतला दर आणि इंडेक्स टूमधला दर यांत बरंच अंतर दिसलं, तर ती तुमच्या घासाघिशीची जागा आहे.

रस्ता, मेट्रो, विमानतळ यांच्या घोषणांवर घर घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुरू झाल्यावर घ्यावं. हे ऐकून लोक हसतात, कारण तोपर्यंत भाव चढलेला असतो. चढलेला असतोच. पण वाट बघण्याचाही एक भाव असतो. आठ टक्क्यांनी पैसे नऊ वर्षांत दुप्पट होतात. बेलापूर ते पेंधर या अकरा किलोमीटरच्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं काम २०२१ च्या शेवटी सुरू झालं. मार्च २०२५ ची मुदत हुकली. चाकणवाल्यांचं तर त्याहून वाईट झालं. खेड-चाकणला पुण्याचा नवा विमानतळ होणार म्हणून वर्षानुवर्षं गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या आणि २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला गेला. चाकण वाचलं ते कारखान्यांमुळे, विमानाची वाट बघून नव्हे.

उलट, सुरू झालेल्या गोष्टीचा परिणाम भाड्यात उतरायला वेळ लागतो आणि तिथे थोडी फट राहते. उलव्यात खारकोपरपर्यंत लोकल आली नोव्हेंबर २०१८ मध्ये. खारकोपर-उरण मार्ग आणि अटल सेतू या दोन्हींचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. सेतूवरून मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये टोल मोजून रोज शिवडीला जाणारा भाडेकरू उलव्यात किती संख्येने राहील, याबद्दल मला शंका आहे; लोकलने नेरुळ-बेलापूरला जाणारा मात्र राहील, आणि विमानतळाच्या कामाला लागलेली माणसंही राहतील. ती बहुतेक पंचवीस-तीस हजार पगाराची असतील. त्यांना सी-व्ह्यू नको असतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा वन आरके हवा असतो.

भाडेकरू एकाच धंद्यातले असले तर धोका वेगळा असतो. २०२० मध्ये आयटीवाले घरून काम करायला गावी गेले आणि वाकड-हिंजवडीची भाडी काही महिन्यांत खाली आली. राजस्थानातल्या कोट्यात कोचिंगच्या विद्यार्थ्यांवर विसंबून हॉस्टेलच्या इमारतींमागून इमारती बांधल्या गेल्या. २०२३ नंतर मुलं घटली आणि कर्ज काढून बांधलेल्या खोल्या ओस पडल्या. जिथे कॉलेज आहे, हॉस्पिटल आहे, कारखाना आहे आणि बाजारपेठही आहे, अशा ठिकाणचं दोन टक्क्यांचं भाडं मला एकाच कंपनीच्या गेटसमोरच्या साडेतीन टक्क्यांपेक्षा बरं वाटतं.

मग भरलेल्या बाजारात संधी उरते कुठे? बहुतेक वेळा कंटाळवाण्या आणि कटकटीच्या जागी, कारण तिथे गर्दी नसते. कोथरूड, सहकारनगर, मुलुंड, चेंबूर अशा भागांतले तीस-चाळीस वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतले फ्लॅट घ्या. नव्या इमारतीपेक्षा स्वस्त, भाडेकरू कायम तयार आणि पुनर्विकास झाला तर वाढीव क्षेत्रफळ. सगळा खेळ त्या ‘झाला तर’मध्ये आहे, आणि तो कागद बघून बराचसा आधीच ओळखता येतो. पहिला कागद मालमत्ता पत्रक. त्यावर जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? नसेल तर कन्व्हेयन्स झालेलं नाही, आणि जमीन मूळ मालकाची किंवा बिल्डरची असताना पुनर्विकासाचा गाडा हलत नाही. २००८ मधल्या कायदाबदलामुळे सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, करून घेता येतं. ज्या सोसायटीने ते करून ठेवलं, तिची कमिटी जागी आहे असं समजा. दुसरी गोष्ट रस्ता. पुण्यासह राज्यातल्या बहुतेक शहरांत लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत टीडीआर आणि प्रीमियम एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाचे हक्क, मिळायला साधारण नऊ मीटर रुंदीचा रस्ता लागतो. सहा मीटरच्या गल्लीतली इमारत कितीही मोक्याची असली तरी बिल्डरचं गणित तिथे अडतं. तिसरी गोष्ट माणसं. २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण उरलेल्यांतले दोघे कोर्टात गेले की वर्षं कशी जातात ते विचारू नका. घेण्याआधी मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. त्यात भांडणं दिसतात.

अर्थात, इथेही गर्दी होऊ लागली आहे. मुंबईच्या उपनगरांत एका गल्लीतल्या पाच-सहा इमारती एकदम पाडल्या जात आहेत आणि सगळ्यांचा विक्रीचा माल तोच, टू आणि थ्री बीएचके. पाच वर्षांनी तो एकत्र बाजारात येईल.

बँकेच्या लिलावात स्वस्त घर मिळतं, असं ऐकून पुष्कळजण तिकडे वळतात. मिळतं कधीकधी. पण कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखालच्या जाहिरातीत ‘जसे आहे, जिथे आहे’ हे शब्द गंमत म्हणून नसतात. सोसायटीची थकबाकी, वीजबिल, आत राहणारा माणूस, सगळं तुमच्या गळ्यात. ताबा ‘सांकेतिक’ लिहिला असेल तर बँकेकडेही किल्ली नाही, असा त्याचा अर्थ. बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे आणि उरलेले साधारण पंधरा दिवसांत. तेवढ्यात गृहकर्ज मंजूर होईलच असं नाही, आणि पैसे चुकले तर भरलेली रक्कम जप्त. रोख हाताशी असलेल्या आणि चांगला वकील ओळखीचा असलेल्या माणसाचा हा खेळ आहे.

भिवंडीच्या गोदामांची गोष्टही खूप सांगितली जाते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज संपली. मोठ्या, आधुनिक गोदामांना मागणी आली. भिवंडीला आणि चाकण-तळेगाव पट्ट्याला त्याचा फायदा झाला. पण सामान्य गुंतवणूकदाराला तिथे शिरायला वाट फार अरुंद आहे. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि बिनपरवाना उभ्या राहिलेल्या शेडही तिथे कमी नाहीत. दूरच्या नातेवाइकाने दाखवलेल्या ‘गोदामाच्या प्लॉट’पासून चार हात लांब राहिलेलं बरं.

व्यापारी जागांमध्ये भाग हवा असेल तर त्यासाठी आता सरळ रस्ता आहे. २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट, म्हणजे भाडं देणाऱ्या इमारतींत सामायिक गुंतवणूक करणारा ट्रस्ट, शेअर बाजारात आला. पुढच्या वर्षी माइंडस्पेस आला. रीटची किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली, भाडं देणारी असावी लागते आणि वाटपयोग्य रोकडीतले किमान ९० टक्के गुंतवणूकदारांना द्यावे लागतात. युनिट शेअरसारखं एकेक घेता येतं. एम्बसीची कार्यालयं हिंजवडीत आहेत, माइंडस्पेसची ऐरोलीत आणि येरवड्यात. म्हणजे त्याच हिंजवडीत फ्लॅट घेऊन आयटीवाल्याकडून दोन टक्के भाडं घ्यायचं की त्याच्या कंपनीच्या भाड्यात वाटा घ्यायचा, हा पर्याय आता पगारदार माणसालाही आहे. रीटचा भाव खालीवर होतो, कार्यालयं रिकामी झाली तर वाटपही घटतं. पण रविवारी सकाळी नळ गळतो म्हणून फोन येत नाही आणि पैसे लागले तर हॉल विकून बेडरूम ठेवायची वेळ येत नाही.

ज्याला राहायला घर हवं आहे, त्याने हे सगळं थोडं सैल धरलं तरी चालेल; शाळा, आईवडील आणि ऑफिस यांचा हिशेब टक्क्यांत मांडता येत नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या, एक घर असलेल्या माणसाने कर्ज काढून, महारेराच्या पानावर ३० महिन्यांचा साठा दिसणाऱ्या भागात, येणार असलेल्या मेट्रोच्या भरवशावर दुसरा फ्लॅट घेऊ नये. बिल्डरने किचन फुकट दिलं तरीही.